केवणीचे नऊ फोक

बाणासाठी आणलेला काठीसारखा फोक प्रयोगशाळेच्या लांब टेबलावर ठेवायचा, तळहातानं हलकेच पुढे ढकलायचा आणि तो घरंगळत असताना त्याच्याकडे न बघता नुसतं ऐकायचं. फोक सरळ असेल तर आवाज सलग येतो. कुठे बाक असेल तर टक, टक, टक करत अडखळतो. आवाज थांबला की मामा मान वर न करता निकाल सांगायचे.

"नापास."

नापास फोकावर पुन्हा चर्चा नाही. फेरतपासणी नाही, रडारड नाही. निखाऱ्यावर शेकून काढता येण्याइतकाच बाक असेल तर "एटीकेटी". आणि वर्षाकाठी दहा-पंधरा नशीबवान फोकांना नुसतं "पास". याच्या वरची श्रेणीच मामांकडे नव्हती. फर्स्ट क्लास, डिस्टिंक्शन असले लाड त्यांनी कुणाचे केले नाहीत.

मामा म्हणजे ठाण्यातल्या आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेतले अटेंडंट. मी त्याच विभागात शिकवते, डोंबिवलीहून रोज ये-जा करते. कागदोपत्री मी त्यांची वरिष्ठ. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकताना तुमचा यावर विश्वास बसणार नाही. मी मामांवर जळायचे. थोडंथोडकं नाही, चांगली दहा-बारा वर्षं, आणि मनापासून.

आता तुम्ही म्हणाल, एमएस्सी झालेल्या बाईनं अटेंडंटवर जळावं असं त्या माणसात होतं काय? दिसायला काही नव्हतं. उंचीनं माझ्या खांद्याला लागत. डोक्याच्या केसांना न चुकता काळा रंग, मिशी मात्र पांढरीशुभ्र. का, तर "मिशीला लावला तर चहात उतरतो, मॅडम." खिशात कंगवा, गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र, तेही रुमालानं पुसून चकचकीत केलेलं. सकाळी कल्याणहून येणार, "जय भीम, मॅडम" म्हणणार, खिडक्या उघडणार, आणि अकरा वाजेपर्यंत अख्ख्या कॉलेजची खबर माझ्या टेबलावर आणून ठेवणार. कोणत्या सरांचं कोणाशी वाजलं, कोणती मुलगी कॅन्टीनमध्ये कोणाबरोबर बसते. गप्पिष्ट, थोडे बढाईखोर, आणि एका बाबतीत महाचिक्कू. ती बाब म्हणजे केवण.

केवण म्हणजे मुरुडशेंग. जिच्या शेंगा दोरीसारखा पीळ घातलेल्या असतात आणि बाळाच्या गुटीत उगाळतात, ती. मी तिला वर्गात हेलिक्टेरेस आयसोरा म्हणते. मामा केवण म्हणत. आणि केवणीचा फोक, म्हणजे बुडातून सरळ वर येणारा लांब कोंब, त्यांच्या मते बाणासाठीच जन्माला आलेला असतो.

हे बाणाचं खूळ कॉलेजात आलं ते आमच्या क्रीडा शिक्षकांमुळे. त्यांनी मुलींना लाकडी धनुष्यावर तिरंदाजी शिकवायला घेतली. बांबूची धनुष्यं मिळाली, पण दुकानातून आणलेले बाण पहिल्याच आठवड्यात भिंतीवर आपटून मोडले. मोडलेले तुकडे सर कचऱ्यात टाकत होते, तेव्हा मामांनी एक उचलून बघितला.

"हे पट्टीतून कापलेलं लाकूड आहे, साहेब. आतल्या रेषा मध्येच तुटल्यात. मोडणारच. बाण असा कापून नाय होत. बाण उगवावा लागतो."

पुढच्या सोमवारी त्यांनी आठ फोक आणले. शेकले, सरळ केले, मागे पिसं लावली. त्यातला एक बाण अजून आमच्या क्रीडा विभागाच्या कपाटात आहे, आणि अजून सरळ आहे.

ते हे कुठे शिकले? आईकडून. त्यांची आई कल्याणच्या बाजारात वेलांना लावायच्या काठ्या विकायची. डोंगराच्या बाजूनं मोळ्या आणायची आणि लहानग्या मामांना बसवून निवडायला लावायची. सरळ इकडे, वाकडी तिकडे. "माझं बालवाडी ते दहावी तेच," असं ते म्हणायचे. मी हे ऐकायचे आणि मनात हिशेब करायचे, की माझी बीएस्सीची तीन आणि एमएस्सीची दोन वर्षं कुठे गेली.

पहिली ठिणगी पडली ती कार्यशाळेत. आमच्या निसर्ग मंडळाची मी प्रमुख. "आपला बाण आपण करू" अशी कार्यशाळा ठरवली. मी चाळीस मिनिटं बोलले. स्लाइड दाखवल्या, खोडाचा आडवा छेद दाखवला, मधला मऊ गाभा म्हणजे भेंड, त्याभोवतीचं लाकूड म्हणजे काष्ठ, सगळं समजावलं. मुलं वहीत लिहून घेत होती. मग मामांनी दोन फोक उचलले. "हा उन्हात वाढलाय, कडेला. म्हणून आळशी. फांद्या फुटल्यात, बघा. आणि हा गर्दीत वाढलाय, मध्ये. वर उजेड हवा म्हणून पळत सुटला. इकडेतिकडे बघायला वेळच नाय मिळाला त्याला. म्हणून सरळ." झालं. सगळी मुलं त्यांच्या टेबलाभोवती. माझ्यासमोर रिकाम्या खुर्च्या आणि पडद्यावर आडवा छेद.

"कडक, मामा! एकदम सही!" एक मुलगी ओरडली. मी प्रोजेक्टर बंद केला. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

दुसऱ्या वर्षी माघात आम्ही मुलांना घेऊन मलंगगडाच्या पायथ्याला गेलो होतो. क्रीडा सरांच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याची जागा होती, त्यांनी काठ्या काढायला परवानगी दिलेली. सगळी पानगळ झालेली, झुडपं नुसती काटक्यांसारखी उभी. एका मुलानं विचारलं, मॅडम, हे काय आहे? मी म्हटलं, पान नाही, फूल नाही, शेंग नाही, आत्ता सांगता येणार नाही. हे शास्त्रशुद्ध उत्तर होतं. मामांनी अंगठ्याच्या नखानं साल जराशी खरवडली, सालीची एक बारीक दोरी निघाली ती ओढून पाहिली, आणि म्हणाले, "केवण."

"पानाशिवाय कसं ओळखलंत?" मी जरा जोरातच विचारलं.

"मॅडम, ओळखीचा माणूस टोपी काढून आला तर तुम्ही ओळखत नाय का त्याला?"

मुलं हसली. मीही हसले, हसावंच लागतं. पण घरी येऊन कुकर लावताना तेच वाक्य डोक्यात फिरत होतं आणि शिट्ट्या किती झाल्या ते मोजायचं राहून गेलं.

मग मी हट्टाला पेटले. ओळखणं जमायला लागलं, एका हिवाळ्यात जमलं. नख, साल, वास, कळ्यांची ठेवण, सगळं. पण ओळखणं वेगळं आणि निवडणं वेगळं, हे मला फार उशिरा कळलं. दरवर्षी माघात मी डोंबिवलीच्या मागच्या टेकड्यांवर जायचे, बदलापूरला नणंदेच्या शेतावर जायचे, फोक आणायचे. व्हर्नियरनं दोन्ही टोकांची जाडी मोजायचे, वहीत लिहायचे, उत्तम सात-आठ निवडायचे आणि सोमवारी मामांच्या टेबलावर ठेवायचे.

"केवण आहे?"

"आहे ना मॅडम, केवणच आहे." मग हात फिरवायचे, टोक डोळ्यासमोर धरायचे, घरंगळवायचे. "नापास. आत भेंड मोठं आहे, उडताना थरथरेल. नापास. ह्याचा डोळा बघा, गाठीपाशी. नापास. हा एक, चला, एटीकेटी."

"अहो, मोजलेत मी!"

"मोजलेत खरं," ते फार सौम्यपणे म्हणायचे. "पण विचारलं नाय तुम्ही त्याला."

कशाला विचारायचं? काय विचारायचं? हे ते कधी नीट सांगत नसत. मला वाटायचं मुद्दाम सांगत नाहीत. आणि स्वतःचे फोक कुठून आणतात, तेही नाही. "आहे एक जागा," एवढंच. क्रीडा सरांनी विचारलं, प्राचार्यांनी गमतीत विचारलं, मी तर किती वेळा आडून आडून विचारलं. मामा मिशीवर हात फिरवायचे आणि विषय बदलायचे. अटेंडंटनं प्राध्यापिकेपासून लपवून ठेवावं, याचा मला संताप यायचा. हो, हा शब्द माझ्या मनात यायचा, अटेंडंट. सांगताना लाज वाटते, पण यायचा.

त्यातच एका मुलीनं मामांचा रील केला. टेबल, घरंगळणारा फोक, "नापास", पांढरी मिशी. हजारो लोकांनी पाहिला. कोणीतरी खाली लिहिलं, "हे सर कोणत्या कॉलेजात शिकवतात?" सर! प्राचार्यांनी तो स्टाफरूममध्ये मोठ्या स्क्रीनवर लावला. मी टाळ्या वाजवल्या. माझी स्वतःची मुलगी संध्याकाळी फोन पुढे करत म्हणाली, "आई, हे तुझे मामा ना? काय भारी आहेत गं!" मी तिला म्हटलं, आधी भांडी लाव.

मामांच्या निवृत्तीला तेव्हा काही महिने राहिले होते. आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट बसली होती. हा माणूस जायच्या आत माझा एक तरी फोक पहिल्या नजरेत पास व्हायला हवा, आणि तो मुलांच्या देखत व्हायला हवा. हसू नका. माणसाला कशाची भूक लागेल सांगता येत नाही.

तो योग आला दिवाळीच्या सुट्टीच्या आधी. एका सोमवारी मामा आले तेव्हा त्यांच्या बुटाच्या तळव्याला चिखल होता आणि चिखलात काहीतरी हिरवं, मांसल चिकटलेलं. ते हात धुवायला गेले आणि मी चिमट्यानं ते उचललं. मोरस. खाऱ्या जमिनीत, खाडीच्या काठाला उगवणारी वनस्पती, कोळणी भाजीला आणतात ती. आता जोडून बघा. केवण लागते डोंगरउतारावर. मोरस लागते खाडीला. दोन्ही जवळजवळ, आणि कल्याणहून येऊन कॉलेज गाठायच्या आधी तिथं जाऊन यायला जमेल अशी जागा ठाण्यात कोणती? कोलशेत. तिथं एका बंद पडलेल्या कंपनीचं मोठं आवार आहे, एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला टेकाड. आयुष्यात माझं वनस्पतिशास्त्र एवढं चोख कधी चाललं नव्हतं.

सुट्टीच्या पहिल्याच दिवशी मी रिक्षा करून तिथं गेले. गेटवर वॉचमन होता. "कोण पाहिजे?" मी म्हटलं, "कॉलेजच्या मॅडम मी. मामांनी पाठवलंय." त्यानं लगेच गेट उघडलं आणि वाटही दाखवली. "ते झुडूप ना? त्या भिंतीच्या मागं."

भिंतीमागे गेले आणि उभीच राहिले. केवणीचं जुनं झुडूप होतं ते, पण वरचा पसारा नव्हता. कोणीतरी ते मागे कधीतरी जमिनीलगत कापलं होतं आणि बुंध्यातून नवे फोक फुटले होते. दोन पावसाळे प्यायलेले. नुसते फुटू दिलेले नव्हते. किरकोळ होते ते खुडून काढलेले, गर्दी हवी तेवढीच ठेवलेली. तीसेक फोक डोक्यावर उंच, एकालाही आडवी फांदी नाही. तेव्हा मला कळलं की मामा फोक शोधत नव्हते. ते दोन वर्षं आधी लावून ठेवत होते. आम्ही सगळे रानात वणवण फिरत होतो आणि हा माणूस वाट बघत होता.

मला कौतुक वाटायला हवं होतं. मला राग आला. ही पद्धत त्यांनी मला का सांगितली नाही?

मी पिशवीतून कॉलेजची कात्री काढली, कलमं करायची ती. झुडपाभोवती फिरले. खूप वेळ फिरले, घाई केली नाही. हात फिरवला, टोकाकडे पाहिलं, वाकवून सोडला, कसा मागे येतो ते पाहिलं. हा नको. हा हवा. वही काढली नाही, व्हर्नियर तर आणलाच नव्हता. नऊ कापले. सगळ्यांवर अजून पानं होती.

सुट्टी संपली. सोमवारी प्रात्यक्षिकाला वर्ग भरलेला असताना मी ते नऊ फोक मामांसमोर ठेवले.

"कुठून आणले, मॅडम?"

"मुरबाडच्या बाजूनं. मैत्रिणीच्या वाडीतून."

त्यांनी एक उचलला. टोकाशी, जिथं कापला होता तिथं, अंगठा फिरवला. दुसरा उचलला. घरंगळवायला टेबलावर ठेवलाच नाही. एवढा वेळ त्यांनी कधी घेतला नव्हता. मी, पन्नाशीची बाई, निकालाला आल्यासारखी टेबलाची कड धरून उभी होते.

"पास," ते म्हणाले. "नऊच्या नऊ पास."

वर्गात टाळ्या. कोणीतरी शिट्टी वाजवली. मामा हसले नाहीत, पण नेहमीसारखंच म्हणाले, "ओले आहेत अजून. आवळून बांधा आणि सावलीत ठेवा दोन महिने. नाहीतर वाकतील."

मी त्या दिवशी घरी जाताना जिलेबी नेली. नवऱ्यानं विचारलं, कशाची? म्हटलं, अशीच. आणि फोक? आवळून, फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवले तर लोकांना दिसणार कसे? मी ते उंच बरणीत घालून प्रयोगशाळेच्या खिडकीत उभे केले, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतील असे. नाताळपर्यंत नऊच्या नऊ वाकले. तिघांना चिरा गेल्या. एका सकाळी मी बरणी उचलून मागच्या कोठीत ठेवली. मामा तिथंच फरशी पुसत होते. त्यांनी बरणीकडे पाहिलं आणि बादली उचलून बाहेर गेले.

माझ्या मनाची मी समजूत घातली होती. तीसमधले नऊ नेले, एकवीस आहेत त्यांच्याकडे. काय बिघडलं?

बिघडलं काय ते निरोप समारंभात कळलं. क्रीडा सर भाषणाला उभे राहिले. विनोदी बोलतात ते. म्हणाले, "मामांनी आम्हाला दोन वर्षं स्वप्न दाखवलं. जाताना बारा बाणांचा संच देतो, एकाच झुडपाचे बारा, एका आईची लेकरं. बाराही सारखेच उडणार, नेम चुकला तर तो मुलीचा, बाणाचा नाही. आम्ही काचेचं कपाट करून ठेवलं. कपाट आहे, बाण कुठेयत, मामा?"

सगळे हसले. मामा खुर्चीतून उठले, हात जोडले. "नाय जमलं, साहेब. वय झालं. डोळ्यांनी धोका दिला." पुन्हा हसू. काळा रंग लावलेलं ते डोकं वाकलेलं मला व्यासपीठावरून दिसत होतं.

मग प्राचार्य म्हणाले, आता विभागाच्या वतीनं मॅडम दोन शब्द बोलतील. मी बोलले. छान बोलले म्हणे. मामांचा साधेपणा, मामांचं निसर्गप्रेम. शाल मीच घातली त्यांच्या खांद्यावर. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि शाल नीट करत म्हणाले, "बस करा मॅडम, उकडतंय."

आंबे संपत आले तेव्हा एका रविवारी मी कल्याणला त्यांच्या घरी गेले. चाळीतल्या दोन खोल्या, स्वच्छ. मामा खाटेवर उशीला टेकून बसले होते. दम लागत होता, केसांचा रंग उतरून मिशीच्या रंगाला आला होता. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "या मॅडम, बसा. तुमचं नाव रोज निघतं इथं." हे ऐकून मला आणखीनच कसंतरी झालं. त्या चहा टाकायला आत गेल्या आणि मी घाईघाईनं म्हटलं,

"मामा, ते नऊ फोक मुरबाडचे नव्हते."

"माहीत आहे."

"वॉचमननं सांगितलं?"

"त्यानं नंतर सांगितलं. मला टेबलावरच कळलेलं. मी कोयत्यानं कापतो, एका घावात, जमिनीलगत. तुमचं टोक कात्रीनं दाबलेलं होतं. तेव्हाच म्हटलं, आपल्या झुडपाला चार बोटं उंच खुंट राहिले असणार. जाऊन बघितलं तर राहिलेलेच. पाणी साचून कुजतात ते, मॅडम. तीस वर्षं शिकवताय तुम्ही."

हा एवढाच त्यांचा राग मी पाहिला. मी म्हटलं, "एकवीस होते ना अजून? त्यातून बारा..."

"एकवीस कुठले?" त्यांनी मान हलवली. "बारा धरलेले मी त्यातले. बाकीचे नुसती गर्दी. बारा सरळ वर जावेत म्हणून भोवती ठेवलेले. खूण नाय केली, कशालाच नाय केली. डोक्यात होते. माघात कापणार होतो." ते थांबले, श्वास घेतला. "तुम्ही नऊ नेलेत. ते नऊही माझ्या बारामधलेच."

मला आधी नीट समजलंच नाही.

"एकही इकडचा तिकडं नाय," मामा म्हणाले. "तीसमधून नऊ, आणि नऊही बरोबर. मी टेबलावर एकेक उचलतोय आणि मला घाम फुटलाय. राग येतोय आणि आनंदपण होतोय. म्हटलं, बाई शिकली! दहा वर्षांनी शिकली, पण शिकली! मग नापास कशाला करू? पासच होतात तुम्ही."

आतून कपबशांचा आवाज येत होता.

"पण मॅडम," ते पुढे वाकून म्हणाले, "कापलेत कशाला? माझ्याबरोबर येऊन नुसतं बोट ठेवलं असतंत ना, हा, हा, हा... तरी पास केलं असतं मी तुम्हाला. तिथंच."

"तुम्ही कधी नेलंच नाहीत मला," मी म्हटलं, आणि माझाच आवाज मला भांडखोर वाटला.

"हो," ते म्हणाले. "नाय नेलं. ती चूक माझीच. मला वाटायचं, ह्यांना झाडांची सगळी नावं येतात, इंग्रजीतली, लॅटिनमधली. आता हे पण दिलं तर माझ्याकडे राहिलं काय?"

चहा आला. आम्ही तो प्यायलो. त्यांच्या पत्नीनं विचारलं, साखर बरोबर आहे ना, आणि आम्ही दोघंही म्हणालो, हो. निघताना मामा म्हणाले, "माघात जा तिकडं. सगळं जमिनीलगत कापून टाका, खुंटांसकट. कोयता घेऊन जा. आणि दोन पावसाळे थांबा." मी माघात गेले आणि तसंच केलं.

मामा दोन पावसाळे थांबले नाहीत. पहिल्याच श्रावणात गेले. कॉलेजच्या ग्रुपवर फोटो आला, खाली सगळ्यांचे जोडलेले हात. खरं सांगते, माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की आता मला पास कोण करणार. माणूस गेला होता आणि मला माझ्या निकालाची पडली होती. मग मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, ते कोणासाठी ते मलाही माहीत नाही.

दोन पावसाळे उलटल्यावर, यंदाच्या माघात, पुन्हा कोलशेतला गेले. कंपनीच्या आवाराला निळे पत्रे लागलेत, टॉवर होणार आहेत. अर्धं टेकाड खणून नेलंय, पण भिंतीमागचं झुडूप अजून आहे. पानं गळून गेलेली. वीस-बावीस फोक उभे होते, चांगले सरळ. वॉचमन ओळखीचा झालाय, तो माझ्याबरोबर आला. पिशवीत कोयता होता, तो मी काढला नाही. झुडपाभोवती फिरले आणि एका फोकावर बोट ठेवलं. मग दुसऱ्यावर. एक सोडून पुढच्यावर. प्रत्येक वेळी बोट ठेवलं की थांबत होते.

"मोजताय का, मॅडम?" वॉचमननं विचारलं.

"नाही," मी म्हटलं, आणि पुढच्या फोकावर बोट ठेवून उभी राहिले.